माणदेशातल्या टेकाडाच्या निमित्ताने: दफन-टेकड्यांची माती ठोकून बसवण्याची विद्या कुठे जन्मली आणि कशी पसरली?

माणगंगेकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचे गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून फार लांब नाही. गावाच्या उगवतीला ओढ्याकाठी पांढरीचे एक टेकाड आहे. गेल्या उन्हाळ्यात शेतात टाकण्यासाठी पांढरी माती नेताना त्याची एक बाजू ट्रॅक्टरवाल्यांनी उभी कापली आणि दोन पुरुष उंचीचा छेद उघडा पडला. त्या छेदात राखाडी, पिवळसर, मग पुन्हा काळसर असे थरावर थर दिसतात. गावातली वडीलधारी माणसे सांगतात की हे कुण्या जुन्या राजाचे थडगे आहे आणि माती मुद्दाम धुम्मस करून बसवलेली आहे.

त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही, कारण यांपैकी कित्येकांनी स्वतःच्या हातांनी माती बसवलेली आहे. १९७२ च्या दुष्काळात माझी आई पाझर तलावाच्या कामावर बुट्टीने माती वाहत होती. ती अजूनही सांगते की बुट्टी रिकामी केली म्हणजे काम झाले असे नसते, पुढचा माणूस ती माती पसरतो, त्याच्या पुढचा पाणी मारतो आणि त्याच्याही पुढचा ठोकतो. त्या तलावाचा एक तुकडा मात्र दुसऱ्याच पावसाळ्यात खचला. तेवढ्या भागात जाड थर टाकून, पाणी न मारता काम उरकले होते, हे तिथे राबणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते.

म्हणून दोन गोष्टी विचारतो. हजारो वर्षांपूर्वी मृतांवर मातीच्या टेकड्या रचणाऱ्या लोकांना ही विद्या कुठून मिळाली? ती एका ठिकाणाहून जगभर गेली, की जागोजागी वेगळी उपजली? आणि आमच्या टेकाडाचे थर ठोकलेले आहेत की नाहीत, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येईल का?

भरावमोजणी

मी सातारा जिल्ह्यातल्या मातीच्या धरणांच्या कामांवर अनेक वर्षे काढली. इतिहासाचे जाणकार बोलतीलच, मी आधी मातीचे सांगतो, कारण माती समजल्याशिवाय प्रसाराचा प्रश्न नीट मांडताच येत नाही.

माती ठोकणे म्हणजे कणांमधली हवा बाहेर काढणे. माती कोरडी ठक्क असेल तर ढेकळे एकमेकांना अडून बसतात आणि कितीही ठोकले तरी मधल्या फटी राहतात. माती फार ओली असेल तर फटींत पाणी भरते, आणि पाणी दबत नाही, त्यामुळे धुम्मस उचलले की माती रबरासारखी परत वर येते. या दोन्हींच्या मधे एक नेमकी ओल असते. अमेरिकेतल्या प्रॉक्टर या अभियंत्याने १९३३ मध्ये ती प्रयोगशाळेत मोजण्याची पद्धत मांडली आणि आज प्रत्येक धरणावर ती चाचणी होते. पण आपल्या शेतकऱ्याला हा विचार नवा नाही. पेरणीसाठी तो वापसा बघतो, म्हणजे जमीन कोरडीही नको आणि चिखलही नको. भरावाचा वापसा शेताच्या वापशाहून थोडा वेगळा असतो, मात्र परीक्षा तीच: मूठभर माती घेऊन लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकायचा. पसरट चिकटून बसला तर माती जास्त ओली, भुगा झाला तर कोरडी, दोन-चार तुकडे झाले तर ठोकायला घ्यावी.

दुसरी गोष्ट थराची. ठोक्याचा जोर खोलवर जाता जाता विरतो. हाताच्या धुम्मसाने हातभर जाडीचा थर ठोकला तर वरचा चार बोटांचा भाग दगडासारखा होतो आणि खालचा सैलच राहतो. माणगंगेकाठी यांच्या तलावाचे नेमके हेच झाले असणार.

तिसरी गोष्ट ठोकणाऱ्या टोकाची. भराव दाबायच्या, अंगभर बोथट खुंट असलेल्या शीपफूट रोलरला मेंढीच्या खुरावरून नाव पडले आहे. माणदेशात ज्यांनी धनगरांचे कळप पाहिले आहेत त्यांना आठवत असेल की मेंढरे रोज ज्या वाटेने जातात ती वाट पहारीलाही दाद देत नाही. जनावर काही फार जड नसते, पण त्याचे सगळे वजन चार छोट्या खुरांवर येते. छोटे टोक मातीत खोल शिरते, तळ आधी घट्ट होतो आणि फेऱ्यांगणिक रोलर वर वर येत जातो. सपाट, रुंद धुम्मस वरची साय तेवढी दाबते. म्हणून जुन्या छेदात मी पहिल्यांदा थराची जाडी बघेन आणि मग थराच्या पाठीवर ठोक्याचे ठसे शोधेन.

खापरशोधक

भरावमोजणी काकांनी छोट्या टोकाचे सांगितले, तिथूनच पुढे जातो, कारण चीनमधला सगळ्यात बोलका पुरावा नेमका तोच आहे. (मी तासगावचा, पुण्यात पुरातत्त्व शिकलो.)

झेंगझोऊ येथे शांग राजवटीच्या काळातल्या नगराची तटबंदी आहे. ती इ.स.पू. १५०० च्या आसपासची असून तिचा घेर सुमारे सात किलोमीटर आहे. तिचा छेद घेतल्यावर ८ ते १० सेंटिमीटर जाडीचे, एकसारखे, आडवे थर दिसले आणि प्रत्येक थराच्या पाठीवर २ ते ४ सेंटिमीटर व्यासाचे गोल खळगे दाटीने उमटलेले होते. ते लोक बारीक काठ्यांची मोळी बांधून तिने माती ठोकत होते. म्हणजे एकाच ठोक्यात मेंढीच्या खुराएवढी अनेक टोके मातीत शिरत होती. फळ्यांच्या साच्यात माती भरून ठोकायची, साचा वर सरकवायचा आणि पुन्हा भरायचे, ही रीत त्याच परंपरेत घडली. तिची मुळे त्याहूनही मागे, नवाश्मयुगातल्या लोंगशान संस्कृतीच्या तटबंद्यांपर्यंत जातात.

इथे लक्षात घेण्याजोगे हे की चीनमध्ये ठोकण्याची विद्या आधी आली आणि दफनाची टेकडी कितीतरी नंतर. शांग राजांच्या थडग्यांचे खोल खड्डे ठोकलेल्या मातीने भरलेले आहेत, पण त्यांच्यावर टेकड्या नाहीत. कन्फ्यूशियसबद्दलची एक जुनी नोंद सांगते की पूर्वीचे लोक कबरीवर माती रचत नसत, पण आपण सतत फिरतीवर असल्याने ओळख राहावी म्हणून त्याने आईवडिलांच्या कबरीवर चार छी (छी हे लांबीचे चिनी माप) उंचीचा ढिगारा घातला. लगेच मुसळधार पाऊस आला, ढिगारा ढासळला आणि ते ऐकून त्याला रडू आले. ज्या देशात तट ठोकून बांधण्याची विद्या हजार वर्षांहून जुनी होती, तिथे कबरीवरचा ढिगारा एका पावसात वाहून गेला. टेकडी रचणे आणि माती ठोकणे या दोन वेगळ्या रीती असून त्या पुढे एकत्र आल्या, हे त्यावरून कळते.

त्या एकत्र आल्या तेव्हा काय झाले ते शीआनजवळ दिसते. इ.स.पू. २१० मध्ये मरण पावलेल्या पहिल्या सम्राटाची ठोकलेल्या मातीची टेकडी आजही सुमारे ५० मीटर उंच उभी आहे. चांगशाजवळच्या मावांगदुई येथे तर बाहेरून साध्या दिसणाऱ्या टेकडीखाली इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या एका सरदारपत्नीचा देह १९७२ मध्ये जवळजवळ शाबूत सापडला. लाकडी पेटीभोवती सुमारे पाच टन कोळशाचा थर, त्याभोवती मीटरभर जाडीचा पांढऱ्या चिकणमातीचा थर आणि त्यावर ठोकलेली माती, अशी ती रचना होती.

भरावमोजणी

मावांगदुईची रचना वाचून मला कामावरचा छेद आठवला. आपल्या धरणांत गाभ्याला पाणी अडवणारी काळी चिकट माती भरतात, तिला आम्ही हार्टिंग म्हणतो, आणि तिच्या दोन्ही अंगांना मुरमाचे केसिंग देतात, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि उघड्यावर टिकत नाही. पाणी अडवणारी माती आत आणि भार पेलणारी बाहेर, हा क्रम दोन हजार वर्षांपूर्वी एका कबरीवर त्याच कारणाने लावलेला पाहून हात जोडावेसे वाटतात.

प्राचीदिशा

चर्चा उत्तम चालली आहे, पण आपल्याकडच्या पुराव्याचा उल्लेख झाला नाही, म्हणून लिहितो. स्तूप ही मुळात दफनाचीच टेकडी आहे. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात अस्थींवर रचायच्या मातीच्या ढिगाऱ्याचे सविस्तर वर्णन आहे. जागा कशी असावी, नांगरणी कशी करावी, कोणासाठी ढिगारा किती उंच असावा, हे सगळे तिथे सांगितले आहे. देवांना मानणारे चौकोनी ढिगारा करतात आणि पूर्वेकडचे व असुर पक्षाचे लोक गोल करतात, असाही भेद नोंदवलेला आहे. पुढे बुद्धाच्या अस्थींवर स्तूप उभे राहिले, बौद्ध धर्म चीन, कोरिया, जपानपर्यंत गेला आणि त्याच्याबरोबर स्तूपाची कल्पनाही गेली. मग मातीची टेकडी बांधण्याची विद्यासुद्धा इथूनच तिकडे गेली, असे मानायला काय हरकत आहे?

खापरशोधक

प्राचीदिशा, शतपथाचा उल्लेख अगदी योग्य आहे आणि त्यातल्या गोल ढिगाऱ्यांचा पूर्वेशी जोडलेला संबंध महत्त्वाचा आहे. हरकत फक्त कालक्रमाची आहे. झेंगझोऊचे थर बुद्धापेक्षा जवळपास हजार वर्षे जुने आहेत, म्हणून ठोकण्याची विद्या बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये गेली असे म्हणता येत नाही.

जपानमध्ये मात्र दोन्ही धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात. तिथल्या कोफुन नावाच्या दफन-टेकड्या तिसऱ्या शतकापासूनच्या आहेत. साकाई येथील डायसेन कोफुन कुलूपकिल्लीच्या भोकाच्या आकाराचे असून त्याची लांबी ५०० मीटरच्या आसपास आहे. या जुन्या टेकड्या प्रामुख्याने माती रचून, तुडवून केलेल्या आहेत. काटेकोर ठोकणीची, थरावर थर देणारी पद्धत तिथे ठळकपणे येते ती सहाव्या शतकाच्या अखेरीपासून, कोरियातल्या बेकजे राज्यातून आलेल्या कारागिरांबरोबर आणि बौद्ध मंदिरांच्या पायांबरोबर. त्यानंतरच ती थडग्यांवर उतरते. भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले आसुका येथील ताकामात्सुझुका थडगे सातव्या-आठव्या शतकाच्या सांध्यावरचे आहे. चित्रे वाचवण्यासाठी २००७ मध्ये त्याची दगडी खोली सुटी करून बाहेर काढली गेली. त्या कामात टेकडीचे पातळ ठोकलेले थर, त्यांवरचे धुम्मसाचे गोल ठसे आणि काही ठिकाणी चटईची वीणसुद्धा उमटलेली दिसली. जुन्या भूकंपांनी पडलेल्या भेगाही तिथेच उघड झाल्या. म्हणजे धर्म आपल्याकडचा आणि ठोकणी चीनची असे दोन प्रवासी कोरियामार्गे एकाच नावेतून जपानला उतरले. एकाच्या गावावरून दुसऱ्याचे गाव ठरवता येत नाही.

जतची लेक

मी सगळे प्रतिसाद शांतपणे वाचले. चटईच्या विणीवरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या जतच्या घरावर धाबे होते. तुळयांवर काटक्या, काटक्यांवर पाल्याचा जाड थर, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती पसरून चोपण्याने चोपायची. दर वर्षी पावसाच्या आधी आजी स्वतः वर चढून चोपत असे. मी एकदा विचारले होते, की पाला कुजून जाणार, मग घालायचा कशाला. ती म्हणाली, "अगं, पाला माती धरून ठेवतो, आणि कुजेपर्यंत माती आपली आपण बसलेली असते."

मातीच्या थरांमध्ये पाला घालण्याची रीत दफनाच्या टेकड्यांत कुठे आढळते का?

खापरशोधक

ताई, तुमच्या प्रश्नाने चर्चेचा गाभाच समोर आणला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

बिहारमधल्या लौरिया नंदनगढ येथे मातीच्या टेकड्यांची रांग आहे. १९०४-०५ च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ ब्लोख यांनी त्यांतल्या काहींचे उत्खनन केले. त्यांना काही इंच जाडीचे पिवळ्या मातीचे थर मिळाले आणि दर दोन थरांच्या मध्ये गवत व पाला पसरलेला आढळला. आत जळलेली हाडे, कोळसा आणि स्त्रीची आकृती असलेला सोन्याचा पत्रा होता. ब्लोख यांनी या टेकड्या वैदिक दफनाच्या मानल्या. पुढच्या अभ्यासकांना ते पटले नाही आणि त्यांनी त्या स्तूपांच्या वर्गात घातल्या. पण पाल्याचे थर हा छेदात दिसलेला पुरावा आहे, त्याला काळाच्या वादाने बाधा येत नाही.

आता पूर्वेकडे पाहा. ओसाकाजवळच्या सायामा-इके या जुन्या तलावाच्या बांधात मातीच्या थरांमध्ये पानांसकट फांद्या पसरलेल्या सापडल्या आहेत. तिथल्या लाकडी पाटाच्या खोडातली वर्तुळे मोजून त्याचे साल ६१६ असे निघाले. फुकुओकाजवळचा ६६४ चा मिझुकी बांध आणि त्याआधीच्या बेकजेची सोलमधली पुंगनाप मातीची तटबंदी, या दोन्हींतही हीच पद्धत आहे. कोरिया ते जपान हा प्रवास पक्का धरता येतो, कारण तिथे काळ, कारागीर आणि बारकावे तिन्ही जुळतात.

पण बिहारचा पाला आणि ओसाकाचा पाला एकच, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, आणि जतच्या धाब्यावरचा पाला तर नाहीच. तुमच्या आजीला ही गोष्ट कोणी परदेशातून येऊन शिकवली नव्हती. ओल्या चिखलातले पाणी पाल्याच्या थरातून बाहेर झिरपते, काड्या माती घसरू देत नाहीत, आणि हे मातीत हात घालणाऱ्या कोणालाही एका पावसाळ्यात कळू शकते.

वैशालीचा स्तूपही इथे आठवावा. १९५८ ते १९६२ च्या उत्खननात विटांच्या आवरणांच्या पोटात सुमारे २५ फूट व्यासाचा मूळ मातीचा स्तूप मिळाला, आणि तो चार वेळा विटांनी वाढवलेला होता. आपल्याकडे माती टिकवण्याचा मार्ग पुढे ठोकण्यापेक्षा आवरण घालण्याकडे अधिक वळला, असे मला वाटते. विदर्भातल्या जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड येथल्या लोहयुगीन शिळावर्तुळांतही मोठ्या धोंड्यांचे कडे घालून आत माती आणि गोट्यांचा भराव केलेला असतो. तिथे भराव आवळून धरण्याचे काम धोंडे करतात.

प्राचीदिशा

कालक्रमाचा मुद्दा मान्य करतो. माझ्या मनात आकार आणि कृती एकत्र मिसळले होते. पण मग युरोप आणि स्टेपच्या गवताळ मैदानांचे काय? तिथेही प्रचंड टेकड्या आहेत, आणि तिथून चीनशी संबंध होताच की.

खापरशोधक

संबंध होता, पण बांधणी वेगळी होती. स्टेपवरच्या सिथियन लोकांच्या कुर्गान नावाच्या दफन-टेकड्यांत, उदाहरणार्थ युक्रेनमधल्या सुमारे २० मीटर उंचीच्या चेर्तोमलिकमध्ये, मुळांसकट कापलेल्या गवताळ मातीच्या विटा रचलेल्या आहेत. हरळीचा गड्डा कुदळीने काढताना मुळ्यांनी माती कशी धरून ठेवलेली असते, ते आठवा. अशा मातीला ठोकण्याची गरजच नसते. डेन्मार्कमध्येही कांस्ययुगात हीच रीत होती. एगत्वेद येथे १९२१ मध्ये इ.स.पू. १३७० च्या तरुणीची ओकच्या खोडातली शवपेटी अशाच टेकडीत मिळाली, आणि तिचे लोकरी कपडेसुद्धा टिकलेले होते.

त्याच देशातल्या स्केलहॉय टेकडीच्या छेदावरून ती चाकाच्या आऱ्यांसारखे भाग पाडून रचलेली होती असे दिसले. प्रत्येक भागावर बहुधा वेगळी टोळी काम करत असावी. कोरियातल्या गाया राज्याच्या टेकड्यांतही अशीच विभागणी आहे. दोन्हींमध्ये हजार-दीड हजार वर्षांहून जास्त अंतर आहे आणि कोणताही दुवा नाही. शंभर माणसांना एका गोल ढिगाऱ्यावर एकाच वेळी कामाला लावायचे तर वाटे पाडावेच लागतात.

माणगंगेकाठी

पाझर तलावावरही आखणी करून टोळ्यांना वाटे दिलेले असत आणि संध्याकाळी वाट्याचे माप घेतले जाई, असे आई आताच म्हणाली.

भरावमोजणी

अमेरिकेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून माझ्या वाचनातले थोडक्यात सांगतो. तिथे ओझ्याची मोठी जनावरे नव्हती, सगळी माती माणसांनी टोपल्यांनी वाहिली. टेकडीच्या छेदात प्रत्येक टोपलीचा वेगळ्या रंगाचा, चंद्रकोरीसारखा डाग दिसतो. लुइझियानातल्या पॉव्हर्टी पॉइंटची मोठी टेकडी दफनाची नाही, पण सुमारे २२ मीटर उंच आहे आणि तिच्या थरांत पावसाने धुपल्याच्या खुणा नाहीत, म्हणून ती तीन महिन्यांच्या आत उभी केली असावी असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. उलट तिथल्याच काहोकिया या जुन्या नगराची सर्वांत मोठी टेकडी बांधणीच्या काळातही खचली होती आणि १९८० च्या दशकातल्या पावसांनंतर पुन्हा खचली. आत चिकणमाती आणि पाणी कोंडले की उतार घसरतो, हे आम्हाला धरणांवर दर पावसाळ्यात बघावे लागते.

इंग्लंडमधल्या सिल्बरी हिलचे उदाहरण मला फार लागले. इ.स.पू. २४०० च्या सुमाराची ती टेकडी जवळजवळ ४० मीटर उंच आहे. आत दफन सापडले नाही. शोधाशोध करणाऱ्यांनी १७७६ मध्ये माथ्यावरून सरळ खाली विहीर खोदली आणि ती नीट भरली नाही. २००० मध्ये त्याच जागी माथा आत कोसळला. चार हजार वर्षांपूर्वीची रचना उभी राहिली आणि दोनशे वर्षांपूर्वीचा निष्काळजी भराव बसला. माणगंगेकाठी, तुमच्या टेकाडात कोणी खड्डा घेत असेल तर त्याला आधी थांबवा.

खापरशोधक

पूर्ण सहमत. आता तुमच्या छेदाबद्दल. काहीही न खोदता, फक्त सुटी माती मऊ कुंच्याने झाडून एवढे बघा: थरांची जाडी सारखी आहे की कुठे फुगीर, कुठे निमुळती, थर आडवे आहेत की बशीसारखे वाकलेले, खापरे, हाडे, राख, चुलीची भाजलेली माती कितपत आहे, आणि गळून पडलेल्या ढेकळाची पाठ गुळगुळीत आहे की खळगे असलेली. फोटोत मोजपट्टी ठेवा.

माणगंगेकाठी

काल सकाळी आई आणि मी दोघे गेलो होतो. सांगितल्याप्रमाणे पाहून लिहितो.

छेदाचा तीन चतुर्थांश भाग असा आहे की एकही थर दोन हातांपलीकडे सारख्या जाडीचा राहत नाही. राखेचे पट्टे बशीसारखे आहेत. खापरे जागोजागी आडवी पडलेली आहेत, एका ठिकाणी जनावराचे दात आहेत आणि एका ठिकाणी भाजून लाल झालेली माती आहे. आईने बघताक्षणी सांगितले, "ही ठोकलेली नाही, ही राहती माती आहे. पडलेल्या भिंतीवर पुन्हा घर, पुन्हा चूल, असं होत होत हे वाढलंय."

मात्र उत्तरेच्या टोकाला सुमारे पाच हातांचा भाग निराळा आहे. तिथे अकरा थर मोजले, प्रत्येकी नऊ ते अकरा सेंटिमीटर, सरळ आडवे. खापराचा तुकडा क्वचितच. एक ढेकूळ आधीच गळून पडले होते, त्याची पाठ उन्हाकडे तिरकी धरली तेव्हा तीन-चार बोटे रुंदीचे सपाट, उथळ खळगे दिसले. आईने त्यात आपली बोटे ठेवली आणि म्हणाली, "हे धुम्मस आहे."

भरावमोजणी

आईंचा निर्वाळा मी मानतो. थर दहा सेंटिमीटरचे असतील तर ठोकणाऱ्याला आपल्या हाताच्या जोराचा पल्ला नेमका ठाऊक होता.

खापरशोधक

माझा अंदाज असा की टेकाड ही जुनी पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची जागा आहे आणि उत्तरेचा भाग तिच्यावर नंतर उभ्या राहिलेल्या गढीच्या तटाचा पाया असावा. माणदेशात अशा गढ्या आहेतच. थडग्याचा कोणताही पुरावा तुमच्या निरीक्षणात नाही. पण ठोकलेली माती आहे, म्हणजे गावकऱ्यांनी ओळखलेली गोष्ट अर्धी खरी निघाली. हे फोटो आणि मापे पुरातत्त्व खात्याला लेखी पाठवा, मी मसुदा करून देतो.

माणगंगेकाठी

ग्रामसभेत विषय मांडला. उत्तरेच्या बाजूची माती नेणे थांबवले आहे. कापलेल्या भागावर पावसाचे पाणी उतरू नये म्हणून माथ्यावर आडवा चर घेण्याचे काहींनी सुचवले होते, पण खोदायचे नाही असे ठरल्यामुळे आम्ही फक्त वरून पेंढा आणि ताडपत्री घालून कडेला दगड ठेवले. जतच्या ताईंनी सांगितल्यावरून ताडपत्रीखाली निंबाचा पालाही पसरला आहे. पहिल्या वळवानंतरचे फोटो इथेच टाकतो.